सतरानं भाग

“बाकी एक उरते.” सोमशेखर मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. “आपला बसू नव्हे.”

महानंदानं भिंतीला पाठ टेकली. “देवच पावला म्हणायचा.”

बसू घरातून निघून गेल्याला नऊ दिवस झाले होते. आज पेपरात चार ओळी आल्या. उजनीच्या पाण्यात तरुणाचं प्रेत सापडलं, सोलापूरला आणलंय, खिशातल्या आधार कार्डावरचं नाव पुसलंय, नंबर तेवढा वाचता येतो. मास्तर लगेच शर्ट घालायला उठले. बायपासला दोनच महिने झालेले. “तुमी बसा,” महानंदा म्हणाली, “दवाखान्यात फोन मी लावते की.” आतल्या खोलीतून तिनं बारा आकडे कॅलेंडरच्या पाठीवर लिहून आणले.

बसूचा नंबर मास्तरांना पाठ नव्हता आणि कार्डाची झेरॉक्सही घरात नव्हती. पण जन्मभर गणित शिकवलेला माणूस गप्प कसला बसतोय. कार्ड आलं त्याच दिवशी त्यांनी त्या एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडले होते. तिला सतरानं निःशेष भाग जातो, एवढं डोक्यात राहिलं होतं. पोराचा नंबर विसरले आणि सतरा लक्षात ठेवला, याची त्यांना आता लाज वाटली.

महानंदा चहा ठेवायला गेली. काल दिवसभर ती चुलतीच्या मातीला मैंदर्गीला होती. डोळे अजून सुजलेले होते.

मास्तर कागदाकडे बघत राहिले. शेवटी त्रेपन्न होते. महानंदाची शाळा कानडी. कानडीत आधी तीस येतात, मग पाच. मराठीत पस्तीस म्हटलं की पाच आधी ऐकू येतात, आणि ही बाई त्रेपन्न लिहून मोकळी होते. तीस वर्षं त्यांनी तिला यावरून चिडवलं होतं. त्यांनी शेवटचे दोन आकडे उलटे केले आणि पुन्हा सतरानं भागलं.

बाकी शून्य आली.

आत कपबशा वाजत होत्या. हिला आता कुठल्या तोंडानं सांगायचं? निदान चहा तरी तिनं सुखानं प्यावा, म्हणून तेही तिच्यासमोर बसून प्यायले.

“जरा पाय मोकळे करून येतो.”

“सावकाश जावा,” ती म्हणाली.

रिक्षा करून ते थेट शवागारात गेले. तिथल्या धुळाप्पानं त्यांनी सांगितलेला नंबर रजिस्टरात शोधला.

“ह्यो व्हय? काल सकाळीच नेला की. आई आलती, संगं मामा हुता. मैंदर्गीला माती देणार म्हनले.”

“आज सकाळी तिनं फोन केला होता ना तुम्हाला?”

“न्हाय. आज कुणाचाच फोन न्हाय.”

मास्तरांनी टेबलाचा काठ धरला. “मी बाप आहे त्याचा. माझी सही नको होती?”

धुळाप्पानं रजिस्टरातल्या ओळीवर बोट ठेवलं, मग मान वर करून त्यांच्याकडे बघितलं.

“बाप वारलाय, असं लिवून दिलंय की तिनं.”