टाकीचा तळ

सकाळी साडेदहाला बंद पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी क्रेनने वर काढली. खालची माती पेट्रोलने काळी पडली होती. टाकीच्या तळाला करंगळीएवढं भोक होतं.

"पेट्रोल मोजायचा गज एकाच जागी आपटून पत्रा झिजलाय, काका," माती साफ करायला आलेली इंजिनिअर हसून म्हणाली. "मोजत होतात की कांडत होतात?"

"धाकटा भाऊ सकाळी एकदाच मोजायचा," म्हातारा मालक म्हणाला. "माझा त्याच्यावर भरवसा नव्हता. म्हणून मी आणखी चारदा."

पुढे मोजणीत पेट्रोल कमी भरू लागलं, तेव्हा त्याने भावाला चोर ठरवून हाकललं होतं.

दुपारी त्याने बावीस वर्षांत पहिल्यांदा भावाच्या घरी फोन लावला. भावजयीने आवाज ओळखला. "थांबा, देते."

दहा मिनिटं झाली. पलीकडे कुणीतरी फोन हातात घेतला आहे. अजून बोललेलं नाही.