लाकडी शिड्यांचा अहवाल

वडिलांच्या लाकडी शिड्यांच्या कारखान्याला सल्ला द्यायला फेलोशिपवर परदेशातून एक विद्यार्थिनी आली. महिनाभर ती त्यांच्या मागेमागे फिरली. त्यांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं; भाषांतराला त्यांची मुलगी होतीच. शेवटच्या दिवशी, नियमाप्रमाणे, अहवाल मालकासमोर वाचायचा होता. मास्तरिणीनं मान खाली घालून वाचला: लाकडी शिडी आता कुणी घेत नाही, कारखाना बंद करावा. मुलगी खाली पडलेले लाकडाचे तुकडे गोळा करू लागली. “काय म्हणतेय मास्तरीण? मिठाची गुळणी धरलीस का?” करवत खाली ठेवत वडील हसले. मुलीनं एकदाचं सांगून टाकलं. हातांवरचा भुसा झटकायला वडिलांना बराच वेळ लागला. “चाळीस वर्षं शिड्याच केल्या. आता मी काय करू, विचार तिला.” मुलीनं विचारलं. मास्तरिणीनं अहवालाची पानं शेवटपर्यंत उलटली, पुन्हा पहिल्यापासून उलटली. वडिलांनी स्टूल पुढे सरकवलं. “बस म्हणावं तिला. शिकतेय अजून पोर.”