गिधाडांचं सरकारी जेवण

आमची तुटक्या कानाची म्हातारी मेंढी सोमवारी डोंगरावर मेली. माझ्या नवऱ्याने, दोब्रीने, बापजाद्यांच्या रीतीप्रमाणे ती गिधाडांसाठी खडकावर ठेवली. तो घरी पोचतोय तोच जनावरांच्या दवाखान्याचा साहेब दारात हजर.

"दोब्रीआजोबा, मेलेलं जनावर उघड्यावर टाकायला बंदी आहे. ते तपासणीला राजधानीत जाणार, सोफियाला."

"मग गिधाडांनी काय खायचं, तुझं डोकं?"

"गिधाडांसाठी वेगळं खातं आहे," म्हणत त्याने मेंढी खडकावरून उचलून नेली.

शुक्रवारी ते वेगळं खातं आलं. बर्फाची गाडी, चार माणसं आणि त्यांच्यावर एक मॅडम. त्यांनी गाडीतून एक मेंढी उतरवली आणि धापा टाकत त्याच खडकावर नेऊन ठेवली. दोब्रीचा हात धरून मीही मागोमाग गेले.

"तुम्ही लोकांनी गिधाडांना उपाशी मारलंत, आजोबा," मॅडम म्हणाली. "नशीब, आता सरकारने लक्ष घातलंय."

दोब्रीने वाकून पाहिलं आणि ओरडलाच, "राल्का, अगं ही आपलीच!"

मोतीबिंदूमुळे मला धड दिसत नाही, म्हणून मी कान चाचपला. तोच तुटका कान.

माझं टाळकंच सरकलं. गावची बस बंद होऊन सहा वर्षं झाली. डोळ्यांच्या ऑपरेशनला सोफियाला कसं जायचं म्हणून मी इथे बसून आहे, आणि ही बया मरून तिकडे जाऊन आलीसुद्धा!

"मॅडम," मी विचारलं, "परत जाताना गाडीत जिवंत माणूस चालतो का हो?"