स्क्रूवरची लाल रेघ

रेघ तुटली होती.

शिओझावाने चष्मा कपाळावर सरकवला आणि बॉनेटखाली आणखी वाकून पाहिलं. काल दुपारी इंजिनाला हवा-पेट्रोल पुरवणारे दोन्ही कार्ब्युरेटर जुळवून झाल्यावर त्याने पुढच्याच्या स्क्रूवर बायको चिझुएच्या नेलपॉलिशने केसाएवढी लाल रेघ ओढली होती. अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी बाजूच्या धातूवर. आता तिचे दोन तुकडे समोरासमोर नव्हते. कोणीतरी स्क्रू फिरवला होता. पाव फेरा, कदाचित थोडा जास्तच.

हा सलग तिसरा रविवार. शेडच्या किल्ल्या दोनच. एक त्याच्याकडे, एक इसोबेकडे. शेड इसोबेच्या चहाच्या मळ्याला लागून होती आणि आत दोघांच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी उभ्या असत. एकाच घडणीच्या, लांब नाकाच्या, दोन दारांच्या, पन्नाशी उलटलेल्या. शिओझावाची पांढरी धावती होती. इसोबेची नारिंगी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली, पोट उघडलेली. असे कार्ब्युरेटर आता अख्ख्या शिझुओकात शोधून मिळत नाहीत, असं इसोबे गेल्याच महिन्यात सहज बोलल्यासारखं बोलला होता. त्यानंतर शिओझावाने आपल्या दोन्ही कार्ब्युरेटरांच्या पोटाखाली सुईने बारीक खुणा करून ठेवल्या. बदलाबदली झालीच तर कळावी.

आज त्याने आरसा धरून आधी त्या खुणा पाहिल्या. होत्या. म्हणजे अजून चोरी नव्हती. मग नुसता स्क्रू कशाला फिरवायचा? गाडी बिघडवायची, म्हाताऱ्याला कंटाळा आणायचा आणि एक दिवस म्हणायचं, द्या मला, तुम्हाला आता झेपत नाही. तीस वर्षांची मैत्री. मनातल्या मनात त्याने हिशेब जुळवला.

इसोबे थर्मास घेऊन आत आला. नेहमीसारखा आधी पांढऱ्या गाडीला किंचित वाकून नमस्कार, मग माणसाला. त्याने चहा ओतला. शिओझावाने कप घेतला नाही.

“स्क्रूला हात कोण लावतं?”

इसोबे थर्मासचं झाकण फिरवत राहिला. फिरवायचं काही उरलं नाही तेव्हा म्हणाला, “मी.”

“कधीपासून?”

“मार्चपासून.”

इतक्या सरळ उत्तराची शिओझावाने तयारी केली नव्हती. सुचलं ते सगळं तो बोलला. अडतीस वर्षं जहाजाच्या इंजिनघरात काढलेल्या माणसाची गाडी तू दुरुस्त करणार? चहा खुडणारा तू? नजर गाडीवर आहे हे मला कळत नाही असं समजतोस? आजच घरी नेतो. इसोबेने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग हात लांब करून गाडी चालू केली, भिंतीवरची रबरी नळी काढली आणि तिचं एक टोक शिओझावाच्या हातात दिलं.

“शिओसान, ऐका. मग न्या.”

ही तर रोजचीच गोष्ट. नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. आत जाणाऱ्या हवेचा सूं आवाज दोन्हीकडे सारखा आला की झालं. शिओझावाने पुढचा ऐकला, मागचा ऐकला.

“सारखे.”

इसोबेने पुढचा स्क्रू थोडा सैल केला. “आता?”

“सारखे.”

आणखी सैल केला. इंजिन लंगडायला लागलं. मडगार्डवर टेकवलेल्या हाताला ते शिओझावाला कळलं. बॉनेट थरथरताना त्याने डोळ्यांनी पाहिलं. नळी कानात होती. तिच्यातून काही बदलल्याचं येत नव्हतं. त्याने नळी काढून दुसऱ्या कानाला लावली. मग फुंकर मारून पाहिली, आत कचरा अडकला असेल म्हणून.

त्याने स्वतःच चावी फिरवून इंजिन बंद केलं.

“मागच्या रविवारी घाट चढताना गाडी काय गुळगुळीत चालली, असं तुम्हीच म्हणालात,” इसोबे हळू म्हणाला, आणि मग त्याच्याकडे वळून, तेच पुन्हा जरा मोठ्याने म्हणाला.

शिओझावाला आठवलं. ते त्याने आपल्या हाताच्या श्रेयात जमा केलं होतं.

“चिझुएला ठाऊक आहे?”

“वहिनींनीच सांगितलं मला. घरात किटली शिटी मारत राहते म्हणाल्या, आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत असता.”

“मला का नाही सांगितलंत दोघांनी?”

“तुम्ही गाडी घेऊन गेला असतात. परत आला नसतात.”

हे खरं होतं. शिओझावाने बॉनेटचा काठ धरला. बायको, हा, आणखी कोण कोण? रविवारी घाटाखाली आपापल्या गाड्या घेऊन जमणारी सगळी मंडळी, त्याच्याशी बोलताना आपसूक आवाज चढवणारी? माणसं आपल्यामागे आणखी काय काय नीट करून ठेवत असतील, याचा त्याला अंदाज येईना.

शेवटी त्याने गाडी पुन्हा चालू केली. स्क्रूड्रायव्हर स्वतः उचलला आणि नळी इसोबेच्या हातात कोंबली.

“मी फिरवतो. थांबायचं कधी ते तू सांग. आणि खोटं सांगितलंस तर मला कळणार नाही, एवढं लक्षात ठेव.”

इसोबे नळी कानाला लावून, डोळे मिटून वाकला. शिओझावा स्क्रू केसभर, केसभर फिरवू लागला. त्याची नजर मात्र हातांवर नव्हती. ती इसोबेच्या चेहऱ्यावर खिळली होती.