गाळलेली ओळ

जपमाळेचा पहिला मोठा मणी बोटांत आला आणि खोलीतले सगळे कान इस्त्रीवालीकडे लागले.

“हे आमच्या स्वर्गातील बापा,” फादरांनी सुरुवात केली. इस्त्रीवालीचा आवाज सगळ्यांच्या वर. रोजच्या भाकरीपर्यंत खणखणीत आला. मग ‘जशी आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो’ आलं आणि तिने तोंड मिटलं. डब्याला झाकण लावावं तसं. ती ओळ बाकीच्यांनी कशीबशी ओढत पलीकडे नेली. पुढे ‘आम्हाला मोहात पडू देऊ नकोस’ या ओळीला बाई पुन्हा हजर.

तिचं हे गप्प बसणं वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. चर्चमध्ये त्या ओळीला एवढा मोठा खड्डा पडायचा, की एकदा ऑर्गनवाला त्यात पडला. लोकांनी ‘आमेन’चा दोर सोडून त्याला वर काढलं. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा, अजून लंगडतोय.

पण आजचा मामला चर्चमधला नव्हता. आज समोर खाटेवर तिचा धाकटा दीर होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. फादरांपुढे पापं सांगून झाली होती, कपाळाला तेल लावून झालं होतं. औषधाच्या बाटल्या सरकवून उशाशी संत योसेफाची मूर्ती आणून ठेवली होती, कारण सुखाचं मरण हे त्याचं खातं. तरी जीव सुटत नव्हता.

“त्या एका ओळीत अडकलाय यांचा प्राण, ताई,” धाकटी जाऊ काकुळतीला येऊन म्हणाली. “तुमच्या तोंडून एकदा ऐकली की सुटतील. म्हणूनच बोलावलं तुम्हाला. एक ओळ हो. तुमचं काय जातं?”

“जात काहीच नाही. खोटं बोलल्याचं पाप तेवढं येतं.”

“पण तुम्ही क्षमा केली नाहीत,” फादर हळूच म्हणाले, “तर तुम्हाला तरी कशी मिळणार?”

“म्हणून तर ‘तशी तू आम्हाला क्षमा कर’ हा ओळीचा पुढचा अर्धा भागही म्हणत नाही मी. देत नाही आणि मागतही नाही. सगळं रोखठोक.”

खाटेवर हालचाल झाली. “वहिनी,” दीर म्हणाला. “दादा त्या दिवशी प्यायलेला नव्हता.”

गोदीत शिडीचा कुजका दोर तुटून दादा खाली आला, तेव्हा याच तोंडाने साहेबापुढे सांगितलं होतं, की तो पिऊन शिडी चढला. साहेबाची मान सुटली, याला मुकादमी मिळाली. आणि ज्याला चर्चमधल्या मिस्सेच्या द्राक्षारसाच्या नुसत्या वासानेही शिंका यायच्या, तो माणूस दारुडा म्हणून मातीत गेला. तेव्हापासून इस्त्रीवाली दिराशी एक अक्षर बोललेली नव्हती. आताही हातभर अंतरावरून ती वळली ती फादरांकडे.

“फादर, त्यांना सांगा, ते मला ठाऊक आहे. नवऱ्याचे शर्ट मी धुवायचे. वास आधी मला आला असता. हे तेव्हा साहेबापुढे बोलायचं होतं. आता योसेफाला ऐकवून काय उपयोग?”

“त्या म्हणतात—” फादर खाटेकडे वळले.

“ऐकलं. त्यांना सांगा, मी घाबरलो.”

“त्यांना सांगा, मीही घाबरले होते. दोन पोरं कडेवर घेऊन घाबरले होते. पण म्हणून कुणाच्या मेलेल्या माणसाच्या तोंडाला दारू नाही लावली.”

दोन्हीकडचे निरोप पोचवता पोचवता बिचाऱ्या फादरांचा पोस्टमन झाला. तेवढ्यात दिराला उबळ आली. जाऊ रडण्यात गुंतलेली. इस्त्रीवालीच उठली. त्याच्या मानेखाली हात घालून तिने त्याला वर घेतलं, चमच्याने पाणी पाजलं, हनुवटीवर ओघळलेलं पुसलं, चुरगळलेली उशी थोपटून सारखी केली.

जावेच्या डोळ्यांत आशा चमकली.

“पाणी वेगळं,” इस्त्रीवाली म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

माळ पुढे सरकली. शेवटचा मोठा मणी आला. भाकर मागून झाली आणि या वेळी सगळेच थांबले. फादरसुद्धा. कुणीच ती ओळ उचलेना. खाटेवरचे डोळे तिच्यावर खिळलेले. खोलीतलं घड्याळही टिक म्हणून टक म्हणायचं विसरलं.

इस्त्रीवालीने मान वर केली.

“देवा,” ती प्रार्थनेच्याच सुरात म्हणाली, “मी यांना क्षमा केलेली नाही. करीन असंही वाटत नाही. पण तू माझ्यासाठी अडून बसू नकोस. तुला करायची तर तू करून टाक. माझं आपण नंतर बघू.”

असं चालतं का, हे फादरांना ठरवता येईना. आणि खाटेवरून, कुणी काही बोलायच्या आत, चिरका आवाज आला,

“आमेन.”

इस्त्रीवाली गर्रकन वळली. फादरांना मध्ये घेतलं नाही.

“थांबा, भावोजी,” ती म्हणाली. “मोहाचं राहिलंय अजून.”