डावा इंडिकेटर

नागभीडच्या प्रफुल मिस्त्रीनं देवाजीभाऊंच्या मोटारसायकलचा बल्ब बदलला, फ्लॅशर बदलून पाहिला, तरी डावा इंडिकेटर काही लागेना. शेवटी सीटखाली उंदरानं कुरतडलेली वायर सापडली. ती जोडताच दिवा लुकलुकू लागला.

"उजवाबी बंद हाय, भाऊ. करून देऊ?"

"राहू दे. मले डावाच लागते."

प्रफुलला हसू आवरेना. "जंगलात तुमच्या मागं वाघच राहते, भाऊ. त्याले दाखवता काय?"

"त्याले कायले?" देवाजीभाऊ गाडीवर बसले. "जंगल संपलं की डावीकडं आमच्या घराचं वळण हाय. बुढी अंगणातून पाहत राहते. तिथं दिवा लुकलुकला की मंगच भात मांडते. काल लुकलुकला नाई. मी घरी पोचलो, तं सारं गाव काठ्या घेऊन मलेच शोधाले निघून राह्यलं होतं."