न छापलेले निष्कर्ष

पाळीच्या जादा रक्तस्रावावरील नव्या गोळीची चाचणी सोलापूरच्या एका दवाखान्यात अर्ध्यावरच थांबली, कारण तीन बायकांना कावीळ झाली. नोंदी ठेवणाऱ्या भार्गवीने डॉक्टरांना विचारलं, "निष्कर्ष कधी छापायचे?" "कंपनीला नकोत. फायली कपाटात ठेव आणि गप्प बस." तिने फायली कपाटात ठेवल्या. वर्षभराने त्या चाचणीतलीच महेश्वरी मोहोळहून बहिणीला घेऊन आली. "ताई, मला लई गुण आला हुता. आता तीच गोळी आमच्याकडं नवे डॉक्टर देत्यात, म्हनून त्यांच्या चाचणीत हिचं नाव घातलं. पण ही चार दिस जेवंना की." भार्गवीने त्या पोरीची खालची पापणी ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे होते. तिने मोहोळच्या नव्या डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं. "पण याविषयी कुठंच काही छापलेलं नाही," ते चक्रावले. "डॉक्टर, सध्या किती बायका गोळी घेतायत?" "साडेतीनशे."